चर्चगेटचं चर्च: एका छपराखाली दोन काळ

तुमचे प्रश्न आधी मांडते, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही वास्तुकलेचे विद्यार्थी आहात आणि अभ्यासासाठी मुंबईच्या फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल निवडलं आहे. आत गेल्यावर लोक बसतात ते दालन तुम्हाला साधं, भक्कम, कुठलाही दिमाख नसलेलं वाटलं. वेदीकडे गेल्यावर मात्र एकदम टोकदार कमानी आणि गॉथिक घडण. शैलीच्या रकान्यात काय लिहायचं, हा तुमचा पहिला प्रश्न. हे दोन भाग एकमेकांशी जुळत का नाहीत, हा दुसरा. आणि २००४ साली ज्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, त्यात ही विसंगती काढून इमारत एकसारखी का केली नाही, हा तिसरा. जाता जाता हेही विचारलंत की चर्चगेट स्टेशनाजवळ चर्च का दिसत नाही.

जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीत माझी तीस वर्षं गेली आहेत. हे कॅथेड्रल मी दुरुस्त केलेलं नाही, पण त्याच्या बाकांवर बसून बराच विचार केला आहे. विसंगती दिसली हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. तिला दोष समजून पुढे जाऊ नका, कारण तुमच्या सगळ्या उत्तरांची वाट तिथूनच जाते.

सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करते, कारण त्यातून जागेचा अंदाज येतो. चर्चगेट हे मुळात रेल्वे स्टेशनाचं नाव नव्हतंच. मुंबईच्या किल्ल्याला तटबंदी होती आणि जमिनीकडून आत यायला तीन दरवाजे होते: दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बाजार गेट आणि मधे चर्च गेट. या मधल्या दरवाजातून आत आलं की सरळ रस्ता चर्चकडे जायचा, म्हणून त्याचं हे नाव. दरवाजा आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी होता. १८६०च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना तट पाडला गेला, दरवाजाही गेला आणि १८६४ मध्ये तिथे कारंजं उभं राहिलं. दरवाजा नाहीसा झाला तरी नाव राहिलं आणि पुढे ते स्टेशनाला चिकटलं. आज स्टेशनातून बाहेर पडून वीर नरिमन रोडने पूर्वेकडे साधारण एक किलोमीटर चाललात, फ्लोरा फाउंटन ओलांडलंत, की मनोरा दिसतो. ज्या रस्त्याने तुम्ही चालत आलात तोच जुना चर्चगेट स्ट्रीट.

आता चर्चची गोष्ट. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, तेव्हा इथे प्रार्थनास्थळांची काही कमी नव्हती. देवळं होती, मशिदी होत्या. माहीमला, दादरला पोर्तुगीजांची चर्चेस होती, वसई आणि साष्टी तर पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती. प्रॉटेस्टंट इंग्रजांना मात्र स्वतःचं चर्च नव्हतं. किल्ल्यातल्या एका खोलीत त्यांची प्रार्थना चाले. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने १६७६ मध्ये चर्चचा पाया घातला. त्याने १६७५ मध्ये चर्चला दिलेला चांदीचा चषक आजही कॅथेड्रलच्या ठेव्यात आहे. पण पुढच्याच वर्षी, १६७७ मध्ये, तो सुरतेला वारला आणि काम थांबलं. भिंती सुमारे १५ फूट वर आल्या होत्या. त्या तशाच जवळजवळ चाळीस वर्षं उभ्या राहिल्या.

जमवलेल्या पैशांचं काय झालं? अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या त्या काळच्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने सर जॉन चाइल्डवर पैसे खाल्ल्याचा आरोप लिहून ठेवला आहे. हॅमिल्टन चाइल्डचा द्वेष्टा होता, त्यामुळे त्याचा शब्द जपूनच घ्यावा. पण एवढं खरं की १६८९-९०ला जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबई जवळजवळ गिळलीच होती, पाठोपाठ रोगराई आली, आणि गावात जिवंत राहणं हेच मोठं काम झालं. अशा गावात चर्चच्या भिंतींवर छप्पर कोण चढवणार?

इथे दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या नजरेने एक गोष्ट बघा. उघड्या डोक्याची भिंत म्हणजे काय, हे कोकणातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. छप्पर नसलेली जाड दगडी भिंत बाहेरून शाबूत दिसते. आत दोन घडीव दगडी पदरांच्या मधे दगडगोटे आणि चुना भरलेला असतो. पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत उतरतं आणि त्या भरावातला चुना थोडा थोडा धुऊन नेतं. पहिल्या पाच पावसाळ्यांत काही दिसत नाही. पुढे बाहेरचा पदर पोट काढायला लागतो. सुमारे चाळीस पावसाळे असे गेले, याचा अर्थ १७१५ मध्ये ज्याने काम पुन्हा हाती घेतलं त्याच्यासमोर पडझड झालेला सांगाडाच होता.

तो माणूस म्हणजे रिचर्ड कॉब. कंपनीचा पाद्री म्हणून तो १७१४ मध्ये मुंबईत आला. त्याने प्रवचनातून लोकांच्या मनात चर्चची गोष्ट पुन्हा पेरली, वर्गणी गोळा केली, आणि नवा गव्हर्नर चार्ल्स बून त्याच्या पाठीशी उभा राहिला. १७१८च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडलं.

तारखेकडे नीट बघा, कारण मराठी वाचकाला त्यात जे दिसेल ते इंग्रजी पुस्तकांत ठळकपणे येत नाही. बूनच्याच कारकिर्दीत गावाला तट बांधला जात होता आणि त्यामागचं मोठं कारण कान्होजी आंग्रे होते. नाताळाच्या जेमतेम दोन महिने आधी बूनने खांदेरीवर स्वारी केली होती आणि हात हलवत परत आला होता. म्हणजे चर्च आणि चर्चगेट या दोन्ही गोष्टी आंग्र्यांच्या धाकात असलेल्या एका छोट्या, घाबरलेल्या गावाच्या आहेत. जाड भिंती आणि साधेपणा यांकडे मी तरी या पार्श्वभूमीशिवाय बघू शकत नाही.

उद्घाटनाचं वर्णन कॉबने स्वतः करून ठेवलं आहे. त्यात एक ओळखीचा माणूस भेटतो: रामजी, म्हणजे रामा कामाठी. मुंबईतला मोठा शेणवी व्यापारी, कंपनीच्या फौजेत माणसं पुरवणारा, १७१५ मध्ये वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारा. तो आपल्या ज्ञातीच्या मंडळींसह चर्चपाशी आला होता आणि ही मंडळी प्रार्थना संपेपर्यंत उभी राहिली, असं कॉब लिहितो. दोन वर्षांनी, १७२० मध्ये, याच रामा कामाठीवर आंग्र्यांशी संधान बांधल्याचा खटला भरला गेला. त्याची मालमत्ता गेली, तो कैदेत पडला आणि १७२८ मध्ये कैदेतच वारला. पुराव्यातलं पत्र बनावट होतं, हे नंतर उघड झालं. तो खटला बूनच्याच काळातला. मी त्या दारातून आत जाते तेव्हा मला हा माणूस दारात उभा दिसतो, आणि चर्चच्या इतिहासात त्याचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आता इमारतीकडे, म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाकडे.

१७१८चं चर्च हे ऐकण्यासाठी बांधलेलं घर होतं. त्या काळच्या इंग्लिश प्रॉटेस्टंट उपासनेचा गाभा होता शब्द. बायबलचं वाचन आणि लांबलचक प्रवचन. पाद्री उंच व्यासपीठावर चढून बोलणार आणि तो सगळ्यांना ऐकू आला पाहिजे, दिसला पाहिजे. त्यासाठी रुंद, उजेडाचं, सरळसोट दालन लागतं. खोल, गूढ, अंधारं गर्भगृह लागत नाही, उलट ते अडचणीचंच. वेदी असते, पण ती दालनाच्या पूर्वेच्या टोकाला, फारसा पसारा न घालता. बसायच्या जागा कंपनीच्या हुद्द्यांनुसार ठरलेल्या असत, म्हणजे चर्चचं दालन हा कंपनीच्या उतरंडीचा नकाशाच होता. खांब आणि भिंतींची घडण त्या काळच्या इंग्लंडमधल्या अभिजात, म्हणजे ग्रीक-रोमन, वळणाची. ती इथे साध्या रूपात उतरली, कारण बांधणारे हात इथलेच होते आणि पैसा बेताचा होता.

हे दालन वसईच्या पोर्तुगीज चर्चशी ताडून बघा, म्हणजे फरक लगेच कळेल. वसईच्या किल्ल्यातल्या अवशेषांत अजूनही दिसतं की सगळी इमारत तुम्हाला ओढत वेदीकडे नेते. लांब दालन, मग मोठी कमान, आणि तिच्या पलीकडे अरुंद, खोल, सजवलेली पवित्र जागा. कॅथलिक उपासनेचा केंद्रबिंदू वेदीवर जे घडतं ते आहे, म्हणून तिथे वास्तू तशी. तेव्हा कॉबच्या दालनाचा साधेपणा हा गरिबीमुळे जेवढा आहे तेवढाच विचारामुळेही आहे. शेजारच्या पोर्तुगीजांसारखं आपलं चर्च दिसू नये, यात त्यांना अभिमान वाटत असणार, असं मला वाटतं.

पुढचं शतक मी भरभर ओलांडते, कारण इमारतीत फारसं काही बदललं नाही. आजूबाजूला मात्र बरंच बदललं. चर्चसमोरच्या मोकळ्या मैदानावर, बॉम्बे ग्रीनवर, कापसाचे गठ्ठे रचले जाऊ लागले. मैदानाच्या पलीकडे १८३३ मध्ये टाउन हॉल पूर्ण झाला. आज आपण त्याला एशियाटिकची इमारत म्हणतो. आणि शहर वाढलं तसं अंतर मोजायला एक आरंभबिंदू लागला, तो हे चर्च ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रस्त्यांच्या कडेला काळ्या बेसॉल्टचे मैलाचे दगड रोवले गेले. त्यांवर सेंट थॉमस चर्चपासून किती मैल ते रोमन आकड्यांत कोरलेलं होतं. रस्ते वर चढत गेले आणि दगड जमिनीत बुडत गेले. गेल्या काही वर्षांत त्यांतले बरेचसे शोधून पुन्हा वर काढले आहेत. दादर-परळकडे पायी जाताना फुटपाथच्या कडेला असा गुडघाभर दगड दिसला तर थांबून वाचा.

१८३७ मध्ये मुंबईला बिशप मिळाला, थॉमस कार, आणि चर्चचं कॅथेड्रल झालं. इथे एक गैरसमज दूर करते, कारण विद्यार्थ्यांच्या वह्यांत तो नेहमी सापडतो. कॅथेड्रल म्हणजे मोठं किंवा भव्य चर्च नव्हे. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल, मग ते केवढंही असो. त्यामुळे १८३७ मध्ये इमारत तसूभरही न वाढता कॅथेड्रल झाली. पण दर्जा वाढला की माणसाला तो बाहेरून दिसावासा वाटतो. पुढच्या वर्षी, १८३८ मध्ये, पश्चिमेच्या टोकाला असलेल्या बुटक्या घंटाघराच्या जागी आजचा उंच मनोरा उभा राहिला. समोर टाउन हॉलचे ते प्रचंड खांब नुकतेच उभे झालेले. आपलं चर्च त्यापुढे झाकोळून जातंय ही जाणीवही मनोऱ्यामागे असावी, हा माझा तर्क आहे.

आणि आता पूर्वेकडचा तो गॉथिक भाग, ज्याने तुम्हाला कोड्यात टाकलं.

१८३०-४०च्या दशकांत इंग्लंडच्या चर्चमध्ये मोठी उलथापालथ झाली. ऑक्सफर्डमधल्या काही धर्मपंडितांनी म्हणायला सुरुवात केली की आपण प्रवचनाच्या नादात वेदीला विसरलो, जुने विधी विसरलो. केंब्रिजमध्ये १८३९ मध्ये स्थापन झालेल्या कॅम्डन सोसायटीने हाच विचार वास्तुकलेत आणला. चर्च कसं असावं याचे जवळजवळ नियमच त्यांनी घातले. मध्ययुगीन गॉथिक हीच खरी ख्रिस्ती शैली. वेदीची जागा दालनापासून वेगळी, खोल आणि उठून दिसणारी हवी. या खोल जागेला चॅन्सेल म्हणतात. पाद्री आणि गाणारी मंडळी तिथे बसतात आणि सगळ्यात टोकाला वेदी असते.

मुंबईत हा विचार सगळ्यात स्वच्छपणे बघायचा तर कुलाब्याच्या अफगाण चर्चला जा. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधलं. १८४७ मध्ये पाया घातला, १८५८ मध्ये चर्च वाहिलं गेलं, आणि शिखर पूर्ण व्हायला १८६५ उजाडलं. हेन्री कॉनिबेअरचा आराखडा, आतली सजावट विल्यम बटरफिल्डची. तिथे पायापासून शिखरापर्यंत एकच विचार आहे. सुंदर इमारत आहे, मी नाकारत नाही. पण ती एका पुस्तकातून थेट उतरवलेली आहे, आणि सेंट थॉमस तशी नाही.

फोर्टमधल्या जुन्या चर्चला हा नवा विचार भिडला तो १८६०च्या दशकात. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. शहरात पैसा खेळत होता. सरकारी वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉच्या आराखड्यानुसार कॅथेड्रलचा कायापालट करायचं ठरलं. काम पूर्वेकडून सुरू झालं, म्हणजे चॅन्सेलपासून. प्रारंभिक इंग्लिश गॉथिक घडणीचा चॅन्सेल उभा राहिला, बाजूला ऑर्गनसाठी जागा झाली. १ जुलै १८६५ रोजी शेअर बाजार कोसळला, बँका आणि पेढ्या बुडाल्या, लखपती रस्त्यावर आले. कॅथेड्रलच्या योजनेला पुढे पैसा उरला नाही. दालन जसं होतं तसं राहिलं.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुपेडी आहे. दोन भाग अर्धवट का राहिले, याचं उत्तर पैसा. पण ते मुळात वेगळे का आहेत, याचं उत्तर उपासना. पश्चिमेकडचं दालन ऐकण्यासाठी आहे आणि पूर्वेकडचा चॅन्सेल बघण्यासाठी, झुकण्यासाठी. एकाच धर्माच्या, एकाच पंथाच्या लोकांनी दीडशे वर्षांच्या अंतराने देवासमोर वेगळ्या रीतीने उभं राहायचं ठरवलं, आणि दोन्ही रीती एका छपराखाली शिल्लक आहेत. मुंबईत असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

कमानींबद्दल थोडं तांत्रिक, कारण परीक्षेत ते विचारतात आणि पुस्तकात ते नीट उलगडत नाही. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी असणार, त्यात सूट नाही. गाळा रुंद केला की कमान आपोआप उंच होते, आणि अरुंद केला की बुटकी. टोकदार कमानीत दोन वर्तुळखंड माथ्यावर भेटतात, त्यामुळे रुंदी तीच ठेवून उंची हवी तेवढी घेता येते. शिवाय टोकदार कमानीचा भार जास्त उभा खाली उतरतो आणि खांबांना बाहेर ढकलणारा रेटा कमी होतो. तो रेटा अगदीच जात नाही, म्हणून बाहेरून बट्रेस, म्हणजे आधाराचे दगडी टेकू, लागतात. चॅन्सेलला बाहेरून चक्कर मारा आणि बट्रेस कुठे येतात ते आतल्या खांब-कमानींशी जुळवून बघा. जिथे आतून रेटा येतो तिथेच बाहेर टेकू असतो. जुन्या दालनाचं तंत्र वेगळं आहे. तिथे भिंतीची जाडीच हे काम करते.

बांधकामाचा चुना हाही दोन्ही काळांचा साक्षीदार आहे. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४चं, त्यामुळे कॉबच्या भिंतीत सिमेंट असणं शक्य नाही. कुठे सिमेंट दिसलं तर ती नंतरची डागडुजी, हे डोळे मिटून लिहा. कळीचा चुना भिजवून, मुरवून, वाळूबरोबर घाणीत मळून तयार झालेला हा माल वर्षानुवर्षं हळूहळू घट्ट होतो. तो दगडापेक्षा मऊ असतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. मुंबईच्या हवेत हे दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं. भिंत पावसाळ्यात ओली होणारच. प्रश्न एवढाच की ती दसऱ्यानंतर वाळते की नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते. एका जुन्या चर्चच्या भिंती सतत ओल्या राहतात म्हणून आम्हाला बोलावलं. दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी भल्या हेतूने सगळ्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, खरवडून सिमेंटने भरल्या होत्या आणि आतून सिमेंटचा गिलावा केला होता. बाहेरून काम चकचकीत. पण आतली ओल अडकली होती. दरज दगडापेक्षा कडक झाल्यामुळे ओल दगडातूनच बाहेर पडत होती, आणि जाताना खार पृष्ठभागावर सोडत होती. पिवळसर मऊ दगडाचे पापुद्रे हाताने निघत होते, दरजा मात्र जाळीसारख्या पुढे आलेल्या. ते सिमेंट काढायला आमच्या गवंड्यांना छिन्नीने एकेक इंच जावं लागलं, आणि तरीही कितीतरी दगडांच्या कडा सिमेंटबरोबर गेल्या. तेव्हापासून मी कुठलीही जुनी भिंत बघते तेव्हा आधी दरजा बघते.

स्मारकशिळांचंही असंच. सेंट थॉमसच्या भिंतींवर संगमरवरी स्मारकं दाटीने बसवली आहेत, आणि शिल्पकलेच्या दृष्टीने ती इंग्लंडमधल्या चांगल्या चर्चच्या तोडीची आहेत. गव्हर्नर जोनाथन डंकन १८११ मध्ये मुंबईत वारला. त्याच्या स्मारकावरचा लेखपट्टा धरलेली मुलं शोधा. काशी आणि काठेवाडातली बालहत्या त्याने बंद केली, असं तिथे लिहिलं आहे. १८०८ मध्ये फ्रेंच युद्धनौका पकडताना मारला गेलेला कॅप्टन हार्डिंजही इथेच आहे. या शिळा लंडनच्या कारखान्यांत घडून जहाजाने आल्या. अशा जड शिळा भिंतीत लोखंडी आकड्यांनी अडकवायची तेव्हाची सर्रास पद्धत. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ आकाराच्या कितीतरी पट, आणि संगमरवर आतून फोडतं. तुम्ही कुठल्याही जुन्या चर्चमध्ये संगमरवराच्या कडेला तांबूस डाग किंवा केसासारखी चीर पाहिलीत तर मागे गंजलेला आकडा आहे असं समजा. वेळीच तो काढून न गंजणाऱ्या धातूचा बसवला तर शिळा वाचते. भिंत कोरडी ठेवणं हाच अर्थात पहिला उपाय.

आता तुमचा तिसरा प्रश्न: जीर्णोद्धारात इमारत एकसारखी का केली नाही? हा प्रश्न वाचून मला थोडं वाईट वाटलं, कारण तो आपल्या महाविद्यालयांच्या शिकवण्यातून येतो. आपण शैलींची नावं पाठ करून घेतो आणि मग त्या नावात न बसणारी इमारत सदोष वाटू लागते. जीर्णोद्धार करणाऱ्याला इमारतीवर आपली चव लादायचा अधिकार नसतो. गॉथिक सजावट दालनात ओढली असती तर १७१८चा पुरावा पुसला गेला असता. चॅन्सेल साधा केला असता तर १८६०चा. आणि दोन्ही केलं असतं तर २००४ची एक नवी इमारत उभी राहिली असती, जुनी असल्याचा आव आणणारी.

आपल्या देवळांबाबत हे आपल्याला आपसूक कळतं. भीमाशंकरला जा. जुना दगडी गाभारा, त्यावर नाना फडणवीसांच्या काळातलं शिखर, आणि वसईच्या पाडावानंतर चिमाजी अप्पांनी आणलेली पोर्तुगीज चर्चची घंटा. भीमाशंकरची शैली गोंधळलेली आहे असं कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो, देऊळ जुनं आहे. तीच सवलत फोर्टमधल्या या चर्चला द्या.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: शैलीच्या रकान्यात एक नाव लिहू नका. असं लिहा: मुख्य दालन, अभिजात वळणाचं, १७१८. पश्चिमेचा मनोरा, १८३८. चॅन्सेल, प्रारंभिक इंग्लिश गॉथिक धाटणीचा, १८६०चं दशक. परीक्षकाने आडवं विचारलं तर पश्चिम प्रवेशासमोरचं कारंजंही सांगा. त्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, दान कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थाचं. स्कॉटने विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवरही रेखाटला, पण तो मुंबईत कधीच आला नाही. इंग्रज वास्तुविशारदाचा आराखडा आणि पारशी दात्याचा पैसा, आणि ते उभं एका अँग्लिकन कॅथेड्रलच्या दारात. एका रकान्यात हे बसणार नाही, आणि बसवायचा प्रयत्नही करू नये.

मोजमापं घ्यायला जाल तेव्हा टेप बाहेर काढण्याआधी एक काम करा. दालन आणि चॅन्सेल जिथे मिळतात त्या मोठ्या कमानीखाली उभे राहा. आधी पश्चिमेकडे तोंड करून जमिनीपासून छतापर्यंत सगळं बघा, मग पूर्वेकडे. जमिनीची पातळी कुठे बदलते, भिंतीची जाडी कुठे बदलते, खिडकीची रुंदी आणि उंची यांचं नातं कसं पालटतं, ते वहीत दोन रकाने करून लिहा. बाहेर येऊन तोच सांधा भिंतीच्या बाहेरच्या अंगाने शोधा. दोन काळ जिथे जोडले जातात तिथे दगडांच्या थरांची उंची सहसा जुळत नाही, आणि पाणी झिरपायची शक्यताही तिथेच सगळ्यात जास्त. सकाळी लवकर जा. वेदी पूर्वेला आहे, त्यामुळे ऊन चॅन्सेलच्या खिडक्यांतून आत येतं. रविवारी मात्र प्रार्थना संपेपर्यंत थांबा आणि मागच्या बाकावर बसून ऐका. दालन ज्या कामासाठी बांधलं ते काम त्याला अजून जमतं का, हे तुम्हाला तुमच्या कानांनी कळेल.